इटलीला जाताय? बोलोन्याला मुक्काम करा

इटलीच्या सहलीचा साचा आता आपल्याकडे सगळ्यांना पाठ झालाय. रोम, फ्लोरेन्स, पिसा, व्हेनिस, आणि रोज रात्री भारतीय जेवण. फ्लोरेन्सहून व्हेनिसला जाताना गाडी बोलोन्याला थांबते, पण तिथे उतरणारी आपली माणसं फार थोडी. माझं मत ठाम आहे: यादीतलं एखादं शहर गाळा, पण बोलोन्याला निदान दोन रात्री राहा. आणि तिथलंच जेवा.

इटालियन लोक या शहराला विदुषी म्हणतात, खात्यापित्या घरचीही म्हणतात, आणि तांबड्या विटांमुळे तांबडीसुद्धा. विद्यापीठाची स्थापना १०८८ ची मानतात. युरोपभरातून विद्यार्थी येऊ लागले, वस्ती वाढली, जागा पुरेना. मग लोकांनी वरच्या मजल्याच्या खोल्या रस्त्यावर पुढे काढल्या आणि त्यांना खालून खांब दिले. १२८८ मध्ये तर घरापुढे अशी कमानींची ओसरी असलीच पाहिजे, आणि घोडेस्वार खालून जाईल एवढी ती उंच हवी, असा नियमच झाला. आज या ओसऱ्यांची लांबी सगळी मिळून ६२ किलोमीटर भरते, २०२१ पासून त्या जागतिक वारसा यादीत आहेत. भर पावसात छत्री न उघडता गाव फिरता येतं. सान लुकाच्या टेकडीवरच्या देवळापर्यंत ६६६ कमानी आहेत. चढ दमवतो, पण जाच.

विद्यापीठाच्या आर्किजिन्नाझिओ या जुन्या इमारतीत १६३७ चं शरीरशास्त्राचं सभागृह आहे. सगळं लाकडी, मध्यभागी शवविच्छेदनाचं संगमरवरी टेबल, आणि प्राध्यापकाच्या आसनावरचं छत ज्यांनी तोललंय ते दोन पुतळे कातडी सोललेल्या माणसांचे. दुसऱ्या महायुद्धात, जानेवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात हे कोसळलं. ढिगाऱ्यातून लाकडी तुकडे वेचून लोकांनी ते पुन्हा उभं केलं.

त्या युद्धात आपलीही माणसं या भागात लढली, हे आपल्याला माहीत असायला हवं. बोलोन्याच्या पूर्वेला सेनियो नदी आहे. ९ एप्रिल १९४५ ला तिथे मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून पाण्यातून, सुरुंगांतून सुरक्षित जागी नेलं, मग एकट्यानं शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २१ एप्रिलला बोलोन्या मुक्त झालं. फोर्लीला भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे, ज्यांचं दहन झालं त्यांचं स्मारकही आहे. बोलोन्याहून रेल्वेनं फार लांब नाही. मराठी माणसानं तिथे जाऊन यावं, असं मला मनापासून वाटतं.

आता जेवण. मुख्य चौकाशेजारच्या क्वाद्रिलातेरोच्या गल्ल्यांत सकाळी जा. काचेआड बाया मोठ्या लाकडी फळीवर अंड्यात मळलेली पिवळी कणीक लांबलचक लाटण्यानं लाटत असतात. पोळी इतकी पातळ हवी की आरपार सान लुका दिसलं पाहिजे, असं तिथे म्हणतात. मग चौकोन कापायचे, सारणाचा कण ठेवायचा, त्रिकोण मिटायचा आणि बोटाभोवती वळवून टोकं चिकटवायची. आपल्याकडे पापड लाटणाऱ्या बायकांचा हात चालतो तशी ही बोटं चालतात. ती झाली तोर्तेल्लिनी, मांसाच्या रश्शात खायची. खिम्याचा रागू असतो तो ताल्यातेल्लेच्या पट्ट्यांवर, स्पॅगेटीवर नाही. शिजलेल्या पट्टीची रुंदी ८ मिलिमीटर, हे माप १९७२ मध्ये व्यापारी मंडळात रीतसर नोंदवलंय. १९८२ मध्ये रागूची कृतीही नोंदवली. जेवणाला इतकं मानणारं गाव मला फार आवडतं.

‘आम्ही शाकाहारी, आमचं काय?’ तोर्तेल्लोनी मागा. नाव जवळचं, पण आकारानं मोठी, आत रिकोता चीज, वर लोणी आणि सेजची पानं. मात्र सारणात बहुधा पार्मिजानो चीज असतं आणि ते वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात. कडक शाकाहारी असाल तर आधी विचारा. तिथल्या तळलेल्या पुरीसारख्या क्रेशेंतीनेतही डुकराची चरबी असू शकते. अंडं चालत असेल तर पोटभर जेवाल, अजिबात अडणार नाही. तेव्हा सहल कंपनीला आधीच सांगा: बोलोन्यात तरी आमचं भारतीय जेवण बुक करू नका.