डीजेची वर्गणी मी देणार नाही

आज दुपारी भाऊबंदकीच्या ग्रुपवर मेसेज पडला. यंदा कानबाईच्या रात्री वही, म्हणजे डफावरचं रात्रभरचं गाणं, नाही, डीजे. घरटी वर्गणी ठरली, डीजेवाल्याला बयाणासुद्धा देऊन झाला. खाली अंगठ्यांची रांग. कोणी एकानं विचारलं नाही की बाबांनो, वहीवाल्यांना निदान कळवलं का? तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथे लिहितोय.

खान्देशातल्या माणसाला कानबाई काय हे सांगायची गरज नाही, बाहेरच्यांसाठी एवढंच की ती श्रावणात घरी बसवायची आमची देवी. नागपंचमीनंतरचा रविवार आला की सुरतेहून, उधन्याहून, नाशिकहून माणसं मिळेल त्या गाडीला लटकून गावाकडे निघतात. दिवाळीला न येणारा कानबाईला येतो. रोटांचे गहू भाऊबंदांच्या घराघरांतून येतात, पुरण शिजतं, गंगाफळाची भाजी होते, नथ घातलेलं नारळ चौरंगावर बसतं आणि मग रात्र जागवायची असते. बाया गाणी म्हणतात, फुगड्या घालतात. आमच्याकडे पुरुषांची वही असायची. डफ, टाळ, एकानं ओळ टाकायची आणि मागच्यांनी ती झेलायची, पहाटेपर्यंत.

आमच्या वहीत डफ नानांचा आणि गळा आप्पांचा. दोघे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, आणि दोघांत बांधावरून कोर्टात केस. मी लहान असल्यापासून अमळनेरच्या कोर्टात तारखा पडत होत्या. एकाच यष्टीनं जायचे, एक पुढच्या सीटवर, दुसरा मागच्या. एकमेकांच्या घरचं पाणी बंद होतं, लग्नात पत्रिका जायची नाही. पण कानबाई दोघांची एकच. त्यामुळे त्या रात्री एकत्र बसणं आलंच.

श्रावणात डफाचं कातडं ओल धरतं, आवाज बसतो. नाना वाड्याच्या कोपऱ्यात पऱ्हाट्यांचा जाळ करायचे आणि डफ त्यावर फिरवत शेकायचे. मधेच बोटानं टिचकी मारून कानाशी धरायचे, परत जाळावर. आम्ही पोरं भोवती उकिडवी बसायचो. हवा तसा आवाज निघाला की नाना उठायचे, कोणाशी न बोलता आप्पांच्या डाव्या हाताला येऊन बसायचे. आणि आप्पा, ज्यांनी वर्षभर त्यांचं तोंड पाहिलेलं नाही, ते गाताना नजर नानांच्या हातावर ठेवायचे. चेहऱ्याकडे चुकूनही नाही. हाताकडे. त्या हाताशिवाय त्यांना पुढची ओळ टाकता येत नव्हती.

मला तुम्ही सांगा, डीजेला कोणाच्या हाताकडे बघावं लागतं?

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. कला गावात असते म्हणजे माणसाला माणूस लागतो. गाणाऱ्याला वाजवणारा लागतो, वाजवणाऱ्याला झेलणारे लागतात, आणि ऐकणाराही लागतो, कारण तो चुकलेली ओळ पकडतो. डीजेला फक्त पैसे लागतात. पैसे दिले, गाडी आली, भिंती हादरल्या, गाडी गेली. सकाळी कोणाला कोणाची आठवण काढायचं कारण राहत नाही.

तुम्ही म्हणाल, डीजेवर आपलीच पोरं नाचतात, आपलीच अहिराणी गाणी लागतात, मोबाइलमुळे अहिराणी पार सुरतेच्या कारखान्यात पोचली. मान्य आहे. पुढे बोलतो.

जळगावात राहतो म्हणून दर कार्तिकी एकादशीला रामाचा रथ बघतो. १८७२ पासूनचा हा रथ. एवढं लाकडी धूड शहराच्या गल्ल्यांतून निघतं, आणि ते वळवायला, थांबवायला चाकाखाली मोगरी लावणारी माणसं असतात. चालत्या चाकापुढे वाकून बरोबर क्षणाला लाकूड सरकवायचं, हे काम पैसे फेकून कोणाकडूनही होत नाही, हात तयार असावा लागतो. भिलपुऱ्यात रथ लालशाहबाबांच्या दर्ग्यापाशी थांबतो, चादर चढते, मग पुढे निघतो. शहरात शांतता कमिटीच्या किती बैठका होतात. त्या एका थांब्यानं जे होतं ते बैठकीनं होत नाही, हे मी डोळ्यांनी बघतो. तिकडे अक्कलकुव्याच्या वर काठी गावाची होळी. सातपुड्यातल्या पाड्यापाड्यांवरून माणसं आपापले ढोल घेऊन रात्री डोंगर उतरतात. ढोल भाड्यानं आणला असं तिथे कोणाच्या मनातही येणार नाही. आणि आम्ही शिकलेले, नोकरीवाले, कानबाईला ट्रॉलीभर स्पीकर आणणार!

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला साहित्य संमेलन झालं. १९५२ नंतर थेट तेव्हा. याच ग्रुपवर आठवडाभर फोटो, फेटे, ‘आपली अहिराणी, आपला अभिमान’. मीही मांडवात होतो, अहिराणीतलं ऐकताना छाती भरून आली होती, खोटं कशाला बोलू. मग तोच अभिमान स्वतःच्या वाड्यात का टिकत नाही? मांडवातली अहिराणी चालते, घरातला म्हातारा ती रात्रभर गातो तर ‘बोअर होतं’? हे मला सहन होत नाही.

एका वर्षी नानांना यायला उशीर झाला. पाऊस होता, शेतातून येता येत नव्हतं. माणसं जमलेली, बाया खोळंबल्या. कोणीतरी दुसऱ्याच्या हातात डफ दिला आणि म्हणालं, करा सुरू. आप्पा गप्प. दोनदा सांगितलं तरी गप्प. शेवटी म्हणाले, “डफ येवू द्या, मंग.” नानांचं नाव घेतलं नाही. डफ तर समोर होता. पण वाड्यातल्या प्रत्येकाला कळलं ते कोणाची वाट बघताहेत. नाना आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. तसेच बसले.

केस मिटली का? नाही मिटली. आप्पा गेले तरी चालूच होती, आता पोरं लढतात. कानबाईनं भांडण मिटवलं असं मी म्हणतच नाही. पण त्या भांडणात कधी कोणाचं डोकं फुटलं नाही, कोणी कोणाच्या कपाशीला आग लावली नाही. आजूबाजूच्या गावांत बांधावरून काय काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. वर्षातली एक रात्र समोरच्याच्या हातावर विसंबून काढलेला माणूस त्याच हातावर कुऱ्हाड चालवताना थांबत असेल, असं मला वाटतं. पुरावा मागू नका.

आता राग थोडा उतरलाय. पोरांना सगळा दोष देणं बरोबर नाही. वहीत बाईला कधी बसू दिलं नाही, हे मला आवडत नव्हतं आणि आजही आवडत नाही. माझ्या मुलीला ताल कळतो, तिनं डफ धरला तर कानबाई रागावणार नाही, ती स्वतःच बाई आहे. आवाज राहिले नाहीत म्हणता, तेही खरं. नानांचा हात आता थरथरतो. पण ते आहेत अजून, आणि बसवलं तर बसतात.

तेव्हा ग्रुपवर आत्ताच लिहिलंय, इथेही लिहितो. डीजेची वर्गणी माझ्याकडून मिळणार नाही. तेवढेच पैसे, वर दुप्पट, वहीवाल्यांच्या चहापाण्याला आणि नव्या डफाला देतो. शनिवारीच गावी पोचतोय, मुलीला घेऊन. ज्यांना आप्पांच्या ओळी येतात त्यांनी मला फोन करा, अर्धी येत असेल तरी करा. कोणाच्या मोबाइलमध्ये जुनं रेकॉर्डिंग असेल तर पाठवा. आणि डीजेचा बयाणा बुडतो म्हणून ज्यांना चिंता आहे, त्यांनी आकडा सांगा. तो मी भरतो.