मोड घालून नवं भांडं

दिवाळीआधी आजी माळ्यावरचं फुटकं, चेपलेलं पितळ काढायची आणि तांबट आळीत मोड घालून नवं पातेलं आणायची. हाच व्यवहार बाराव्या शतकात येमेनमधलं एडन ते मंगळूर असा समुद्रावरून चालायचा, हे वाचलं तेव्हा हसू आलं.

अब्राहम बेन यिजू हा ट्युनिशियातल्या महदियाचा ज्यू. ११३२ च्या सुमारास मंगळुरात आला आणि काशाच्या भांड्यांचा कारखाना काढला. एडनचा बडा ज्यू व्यापारी मदमून तिथून तांबं, शिसं, मोडकी भांडी पाठवायचा. सोबत घडवायच्या वस्तूंचं वर्णन. घडवणारे हात इथलेच. म्हणजे कच्चा माल तिकडून, तयार माल इकडून! शाळेत आपण उलटंच शिकलो (अर्थात ते इंग्रजांच्या काळाबद्दल होतं).

हे सगळं कळतं ते कैरोच्या जुन्या सिनेगॉगमुळे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळामुळे. देवाचं नाव असेल तो कागद नष्ट करायचा नाही, म्हणून हिशेब आणि पत्रंसुद्धा एका खोलीत साठत गेली. भाषा अरबी, लिपी हिब्रू.

'ज्यूंच्या रक्तातच धंदा' हे वाक्य मला मुळीच पटत नाही. पत्रं वाचा, रक्त नाही, नातं दिसतं. मान्सूनच्या वाऱ्यावर चालणारी जहाजं, उत्तर यायला महिनोन् महिने. अशा वेळी माल कुणाच्या भरवशावर सोडणार? चुलतभावाच्या, मेहुण्याच्या. आणि फक्त नातलगांच्याच नाही. मदमूनच्याच वर्तुळातल्या महरूझचा मेहुणा चाच्यांच्या तावडीत सापडला, तेव्हा महरूझने त्याला लिहिलं की सोनं लागलं तर ठाण्यात असलेल्या तिंबू नाखवाकडून माझ्या नावावर घे. तिंबू बहुधा इथलाच. आपलं ठाणं, बरं का!

नात्याचा धंदा म्हणजे भाऊबंदकी आलीच. ११४८ मध्ये सिसिलीच्या नॉर्मन राजाने महदिया घेतलं, भावंडं देशोधडीला लागली. ११४९ मध्ये एडनला परतलेल्या बेन यिजूने त्यांना लिहिलं, या, माझ्याकडे सगळ्यांना पुरेल एवढं आहे. त्यातल्या मुबश्शिर नावाच्या भावाने त्यालाच फसवलं.

मंगळुरातल्या आशू नावाच्या दासीला बेन यिजूने ११३२ मध्ये मुक्त केलं होतं. तीच त्याच्या मुलांची आई, असं अभ्यासक मानतात. मुलगी सित्त अल-दार. भाऊ नडला तरी तिच्यासाठी त्याने स्थळ पाहिलं ते घरातलंच: दुसऱ्या भावाचा, योसेफचा मुलगा पेराह्या. ११५६ मध्ये कैरोजवळच्या फुस्तातमध्ये लग्न झालं. सख्ख्या चुलतभावाशी लग्न म्हटलं की आपल्याकडे कानावर हात ठेवतील, पण काशातांब्याची कमाई घरात राहिली.