थिएटरबाहेरचं ताटकळणं: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘ऑपरेशनला निघालेल्या माणसाच्या डोळ्यांवर खेळणं बांधायचं आणि त्याला उपचार म्हणायचं? धीर द्यायला माणूस लागतो, यंत्र नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. ऑपरेशनआधीची धास्ती कमी करायला व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट बांधून दाखवलेलं आभासी जग, वापरता येतं असं मी लिहिलं होतं, त्यावरची ही प्रतिक्रिया.

माणूस लागतो, मान्यच. पण नेमका त्या वेळी तो असतो कुठे? नातेवाईक दाराबाहेर, सर्जन आधीच्या केसमध्ये, भूलतज्ज्ञही आत. पेशंट उपाशीपोटी, हाताला सलाईन, चष्मा काढून घेतलेला, धूसर छताकडे बघत पडलेला. आधीची केस लांबली की हे पडून राहणंही लांबतं. मी व्हीआरबद्दल लिहिलं ते एवढ्या वेळेपुरतं.

बरं, खेळणं म्हणाल तर त्याला जुना आधार आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९०च्या दशकात भाजलेल्या रुग्णांवर हे करून पाहिलं. जखमा साफ होत असताना रुग्ण हेडसेटमधल्या बर्फाळ दरीत हिमगोळे फेकत असे. तिथे लक्ष गुंतलं की वेदनेच्या वाट्याला कमी येतं. ऑपरेशनआधीच्या व्हीआरमध्ये बहुधा खेळही नसतो. संथ पाणी, झाडं, आणि श्वास सावकाश सोडा अशी सूचना. श्वास लांबवला की नाडी मंदावते, याचं श्रेय हेडसेटला नाही. तो फक्त स्ट्रेचरची ये-जा दिसू देत नाही.

‘त्यापेक्षा गुंगीचं औषध द्या’ हा तुमचा दुसरा मुद्दा. मिडाझोलाम हे तसं औषध देतातच. पण वयस्कर माणसांना त्याने ऑपरेशननंतर भ्रम होऊ शकतो, म्हणून तिथे हात आखडता घेतात.

पुराव्याबद्दल मात्र तुमचा संशय रास्त आहे. बरेच अभ्यास छोटे आहेत, आणि हेडसेट कोणी घातलाय हे लपवता येत नाही. नवलाईने बरं वाटलं की खरंच, हे वेगळं काढणं अवघड. शिवाय २०१३च्या कॉक्रेन आढाव्यात (कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी संस्था) २६ चाचण्यांवरून असं दिसलं होतं की नुसत्या संगीतानेही ऑपरेशनआधीची धास्ती कमी होऊ शकते. तेव्हा हेडसेटची तुलना हेडफोनशी व्हायला हवी, काहीच न देण्याशी नव्हे.

अपस्मार असेल, गरगरत असेल, तर हे नकोच. मळमळ तर भूल देण्याआधी अजिबात परवडत नाही. काहींना दाराकडे बघत राहिल्यानेच बरं वाटतं, त्यांना आग्रह करू नये. आणि संमतिपत्रावर सही हेडसेट चढवण्याआधी, सगळ्या शंका विचारून झाल्यावर. त्यात कुणी चालढकल केली, तर मी तुमच्या बाजूने भांडेन.