डावा हात दुखत नाही, म्हणजे टेन्शनच?

पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी ४० फुटांकडे सरकली की सांगलीत दोन गोष्टी घरोघर फिरतात. एक पाण्याचे ताजे आकडे, दुसरा हा मेसेज: ‘पुराच्या टेन्शनने छातीत होतंय? घाबरू नका. डावा हात दुखत नसेल आणि हातांना मुंग्या येत असतील, तर ते हार्टचं नाही. बायकांना आणि चाळिशीच्या आतल्यांना तर नाहीच. कागदी पिशवीत श्वास घ्या, जोरजोरात खोका. ईसीजी नॉर्मल आला की विषय संपला.’

मिरजेत ईसीजी काढण्यात माझी बावीस वर्षं गेली. निदान करणं माझं काम नाही. पण लीड लावताना नातेवाईक हमखास विचारतात, “ताई, टेन्शनच असेल ना?” तेव्हा या मेसेजशी माझं जुनं भांडण आहे.

सगळ्यात घातक वाक्य डाव्या हाताचं. हार्टचं दुखणं उजव्या हातात, जबड्यात, पाठीत, पोटाच्या वरच्या भागातही जातं. कित्येकजण ‘दुखतंय’ असं म्हणतच नाहीत. ‘छातीवर पाटा ठेवल्यागत वाटतंय’ म्हणतात. साखरेच्या पेशंटला, म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना कधीकधी छातीत काहीच होत नाही. नुसता दम लागतो, दरदरून घाम येतो, मळमळतं. मग ‘पित्त झालंय’ म्हणून दिवस ढकलला जातो. २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीतले एक काका गव्हाची पोती माडीवर चढवत होते. जिना चढला की छाती आवळायची, बसलं की मोकळी व्हायची. दोन दिवस सोडा-लिंबू घेऊन काढले. टेन्शन होतंच हो, पाणी उंबऱ्याला लागलं होतं! पण श्रमाने येणारं आणि विसाव्याने जाणारं दुखणं ही हृदयाला रक्त कमी पडत असल्याची खूण असू शकते. बीपीच्या गोळ्या खालच्या कपाटात भिजून गेल्या होत्या, हे तिसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात आणल्यावर कळलं.

मुंग्यांचं अर्धं खरं आहे. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो, मग हळूहळू ओसरतो. पण हार्ट अटॅक आलेला माणूसही घाबरतोच की. त्यालाही मुंग्या येतील. त्यावरून श्वास भराभर चाललाय एवढंच कळतं, का चाललाय ते नाही.

बायका आणि चाळिशीच्या आतले? तंबाखू, साखर किंवा वडिलांना कमी वयात झालेला त्रास असेल, तर पस्तिशीतल्याचीही माझ्या टेबलावर गाठ पडते. बायकांच्या बाबतीत तर मोठ्या मानसिक धक्क्याने हृदयाचा स्नायूच तात्पुरता दुबळा पडतो, असा एक आजार आहे. त्याला टाकोत्सुबो म्हणतात, आणि तो जास्त करून पाळी गेलेल्या बायकांत दिसतो. म्हणजे ‘टेन्शन की हार्ट’ हा प्रश्नच कधीकधी चुकीचा असतो.

पिशवी आणि खोकला यांवर फार शाई घालवत नाही. दुखणं हार्टचं किंवा दम्याचं असेल तर पिशवीतल्या श्वासाने प्राणवायू आणखी कमी पडतो. आणि खोकून अटॅक थांबत नाही.

राहिलं माझं मशिन. त्याच्या कागदावर त्या घडीचे साधारण दहा सेकंद उमटतात. अटॅकच्या सुरुवातीला तो कागद अगदी साधाही येतो. म्हणून डॉक्टर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढायला सांगतात, आणि ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाची, रक्ततपासणी करतात. तेही वाढायला काही तास घेतं, म्हणून ही तपासणीसुद्धा कधी दोनदा होते. छातीत नव्याने भरून आलं, घाम फुटला, दम लागला, तर १०८ लावा. स्कूटरवर मागे बसवून आणू नका.

तपासून हृदय ठीक निघालं, तर ते टेन्शन आहे असं म्हणायला हरकत नाही, तोवर नको. त्यानंतर ते नाटक आहे असंही म्हणू नका. एक बाई महापुरानंतरच्या वर्षात चार वेळा आल्या, चारही वेळा सगळं नॉर्मल. चौथ्यांदा मीच म्हणाले, “काही नाही हो, जावा घरी.” त्या गेल्या नाहीत. बाकावर बसून विचारलं, “मग रात्री पाण्याचा आवाज येतो, तो कुणाला दाखवू?” आज कुणी असं विचारलं, तर मी १४४१६ लिहून देते. तो मानसिक आरोग्याचा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत. त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं.