गर्भाशय सरकतं म्हणे!

दारव्ह्याकडच्या आमच्या गावात सध्या एक मेसेज फिरतोय. वर 'सर्व पालकांनी वाचा', खाली चार मुद्दे. मुलींचा फुटबॉल हे हल्लीचं फॅड. भारताच्या मुलींनी आजवर काही जिंकलं नाही. फिफाने त्यांच्यावर बंदी घातली आहे. आणि धावून-उड्या मारून मुलींचं गर्भाशय सरकतं, पुढे मूल होत नाही. वहिनींनी तो वाचला आणि आठवीतल्या पुतणीचं ग्राउंड बंद. "काहून जी भाऊजी, उद्या पोट्टीचं काही झालं तं कोन जबाबदार?"

आधी गर्भाशयच घेतो. बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे आहेत, हा पोरींना घरी बसवतो.

गर्भाशय कमरेच्या हाडांच्या कड्यात, स्नायूंनी धरलेलं असतं. चेंडूमागे धावून ते जागचं हलत नाही. अंग बाहेर येण्याचा त्रास बायांना होतो, पण त्याची कारणं कोणत्याही डॉक्टरला विचारा: बाळंतपणं, वाढतं वय, जुनाट खोकला आणि वर्षानुवर्षं उचललेली जड ओझी. मग ओझ्याचंच बोलू. कापूस वेचताना आपल्या बाया कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकलेल्या असतात. ओटी भरत जाते तसं वजन नेमकं पोटावर लटकतं. मजुरी किलोवर, त्यामुळे ती रिकामी करायला धुऱ्यापर्यंत जायचाही जीव होत नाही. संध्याकाळी तोच कापूस गाठोडं होऊन डोक्यावर. पुतणीही दिवाळीच्या सुट्टीत वेचायला जाते. तेव्हा कुठे असतो बाप्पा हा मेसेज? तासभर चेंडू लाथाडला की मात्र वंश बुडतो!

मेरी कोमचा तर ठोसे खायचा खेळ. जुळ्यांची आई झाल्यावर ती 2008 आणि 2010 मध्ये जगज्जेती झाली, 2012 ला लंडन ऑलिंपिकचं कांस्य आणलं. हां, गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत फुटबॉलमध्ये मुलींना मुलांपेक्षा जास्त होते, तेवढं मान्य. पण मेसेजवाल्याला गुडघ्याशी काय घेणंदेणं!

आता 'हल्लीचं फॅड'. देशात महिला फुटबॉलची फेडरेशन 1975 ची. आशियाई महिला स्पर्धेच्या जुन्या निकालांचा तक्ता कोणीही उघडून पाहावा. 1980, कालिकत: भारत उपविजेता, आणि यजमान म्हणून आपण चक्क दोन संघ उतरवले होते. 1981, हाँगकाँग: तिसरा. 1983, थायलंड: पुन्हा उपविजेता. फुटबॉलपटू शांती मलिकला अर्जुन पुरस्कार मिळाला तोही 1983 चाच. मेसेज लिहिणारा तेव्हा जन्मला तरी होता का?

'काही जिंकलं नाही' म्हणावं तर दक्षिण आशियाई सॅफ स्पर्धा 2010 ते 2019 या काळात लागोपाठ पाच वेळा जिंकली. मधे वाईट दिवस आले, नाही म्हणत नाही. सामनेच ठेवले नाहीत म्हणून 2009 मध्ये फिफाने संघाला क्रमवारीतून काढलं. त्यात पोरींचा काय दोष? सीनियर संघ अजून वर्ल्ड कपला गेलेला नाही, हेही खरं. पण ज्या थायलंडने 1983 ची फायनल 3-0 ने नेली, त्याच थायलंडला जुलै 2025 मध्ये त्यांच्याच मैदानावर 2-1 ने हरवून आपण आशियाई कपची पात्रता मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे.

बंदीचं म्हणाल तर ऑगस्ट 2022 मध्ये फिफाने निलंबन केलं होतं, ते अख्ख्या भारतीय फेडरेशनचं, कारभारातल्या बाहेरच्या हस्तक्षेपावरून. पंधरवड्याच्या आत ते उठलं, आणि ऑक्टोबरमध्ये मुलींचा 17 वर्षांखालचा वर्ल्ड कप भारतातच झाला.

तेव्हा वहिनी, पोरीची काळजीच करायची तर उपकेंद्रात नेऊन तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या, डब्यात मूठभर शेंगदाणे-गूळ वाढवा आणि सोमवारपासून तिला ग्राउंडवर पाठवा. बूट मी आणतो, फक्त मापाचा कागद पाठवा.