‘पण ऑइल तर लाल आहे की!’

पहिला दणक्याचा पाऊस झाला की एक मेसेज सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरायला लागतो आणि दुसऱ्या दिवशी तो दाखवत दोन-तीन जण माझ्या गॅरेजात येतात. मजकूर साधारण असा: ‘ऑटोमॅटिक गाडी पाण्यातून गेली? गिअर ऑइलची डिपस्टिक काढा. दुधाळ गुलाबी दिसलं तर पाणी शिरलंय, लाल दिसलं तर निर्धास्त राहा. शंका वाटली तर एक थेंब तापल्या सायलेन्सरवर टाका, तडतडला नाही तर पाणी नाही. पाणी निघालं तर हायवेला शंभर किलोमीटर पळवा, वाफ होऊन जाईल. नाहीच गेलं तर एकदा ऑइल बदला.’

डिपस्टिकपासूनच घेऊ. ‘ऑटोमॅटिक’ म्हणून घेतलेल्या कित्येक छोट्या गाड्या एएमटी असतात. आत साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच आणि गिअरचं काम तेवढं यंत्र करतं. त्यात हे लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं खास ऑइल, नसतंच, साधं गिअर ऑइल असतं. खऱ्या ऑटोमॅटिकमध्येही बऱ्याच नव्या गाड्यांना डिपस्टिक नाही. गाडी सपाट उचलायची, ऑइल कंपनीनं सांगितलेल्या तापमानाला आणायचं, मग लेव्हलचा बोल्ट काढून बघायचं. एक काका ‘ऑइल काळं निघालं हो’ म्हणत घाबरून आले होते. त्यांनी इंजिनाची डिपस्टिक काढली होती.

आता रंग. दुधाळ गुलाबी ऑइल म्हणजे बहुतेक वेळा पाणीच, हे मान्य. पण ऑइल जास्त भरलं किंवा फार कमी असलं तरी हवा मिसळून फेस होतो आणि तोही तसाच दिसतो. मी चहाच्या काचेच्या ग्लासात थोडं काढून ठेवतो. हवा असेल तर बुडबुडे हळूहळू वर येतात आणि खालून लाल रंग मोकळा होतो. पाणी असेल तर ते दुधाळच राहतं. उलट बाजू जास्त वाईट: थोडं पाणी ऑइलात विरघळून जातं, रंगात काही कळत नाही. काही सीव्हीटींचं, म्हणजे गिअरऐवजी बेल्टवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकांचं, ऑइल तर मुळात हिरवट असतं, तिथे ‘गुलाबी’ शोधून काय सापडणार?

तडतडीची परीक्षा खरी आहे, पण ती दीडशे अंशांच्या आसपास तापलेल्या प्लेटवर करायची, डोळ्यांना चष्मा लावून. तडतडलं तर पाणी आहे. नाही तडतडलं तर एवढंच कळतं की ते साधारण ०.०५ ते ०.१ टक्क्याच्या वर नसावं. सायलेन्सर किती तापलाय कुणाला ठाऊक? फार तापलेला असला तर ऑइल पेटायचं.

वाफेची गोष्ट मात्र साफ खोटी. चालत्या गाडीत हे ऑइल साधारण ८० ते ९५ अंशांवर असतं, आणि बाहेर सोलापूरचं ऊन कितीही असलं तरी त्यानं आत पाणी उकळत नाही. शिवाय आत गेलेलं नुसतं पाणी नसून इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं कूलंट असेल, तर त्यातलं ग्लायकॉल १९७ अंशांना उकळतं. तुम्ही हायवेनं इंदापूर गाठेपर्यंत ते गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटांवर काम करत असतं. त्या प्लेटांचं अस्तर कागदासारख्या तंतूंचं, गोंदानं चिकटवलेलं. पाण्यानं ते फुगतं, ग्लायकॉल गोंद सोडवतं. मग झटके, मग गिअर घसरणं, मग बॉक्स खोलणं.

‘एकदा बदला’ म्हणाल, तर खालचं चेंबर खोलून जेमतेम तिसरा हिस्सा ते निम्मं ऑइल निघतं. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद ऑइलातून गिअरबॉक्सकडे देणारा भाग) आणि ऑइलच्या कूलरमध्ये बसलेलं असतं.

आणि मेसेजात नसलेली गोष्ट: पाणी येतं कुठून? सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचा पूर आला तशा पुरात गाडी उभी राहिली तर गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करायच्या छिद्रातून, आत जातं. गरम बॉक्स गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसून ते ओढूनच घेतलं जातं. अशी गाडी चालू करायची नाही, टो करून आणायची. पण पुराचं पाणी न पाहिलेल्या गाडीतही ते जातं. कित्येक गाड्यांत एटीएफचा कूलर रेडिएटरच्या पोटातच असतो. तो आतून फुटला की चालत्या गाडीत ऑइलचा दाब जास्त, म्हणून ऑइल कूलंटमध्ये जातं. इंजिन बंद केलं की रेडिएटरमधला दाब मागे उरतो आणि कूलंट गिअरबॉक्सकडे ढकलतो. म्हणून मी आधी, इंजिन गार झाल्यावर, कूलंटची बाटली उघडतो.

जुळे सोलापुरातली एक गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला हलका झटका द्यायची. ऑइल लाल, प्लेटवर थेंब गप्प. बाटलीतलं कूलंट मात्र खाली गेलेलं आणि झाकणाच्या आत तांबूस तेलकट थर. कूलरच्या नळ्या सोडवल्या, एक बंद केली, दुसरीतून हवा सोडली. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे यायला लागले. मालक शेजारीच उभे होते, फोन हातात. म्हणाले, ‘पण ऑइल तर लाल आहे की!’