पोल चुकले, पण तुम्ही म्हणता तिथे नाही

अमेरिकेत निवडणूक असो वा नसो, एक मजकूर मराठी ग्रुपांवर फिरतच असतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच: २०१६, २०२० आणि २०२४, तिन्ही वेळा अमेरिकी पोल तोंडावर आपटले. हजार लोकांना विचारून तेहतीस कोटींचं मत कळूच शकत नाही. पोलवाले डेमोक्रॅटिक पक्षाच्या खिशात असतात. खरा अंदाज हवा असेल तर सट्टाबाजार बघा. थोडक्यात, जनमत चाचणी म्हणजे थोतांड.

यातले सगळे दावे सारखेच पोकळ नाहीत. एका दाव्यात बरंच तथ्य आहे, पण नेमका तोच मजकुरात एका शब्दात उरकलाय.

सुरुवात २०१६ पासून करू, कारण मजकुराचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. मतदानाच्या आदल्या दिवशी देशभरच्या पोलची सरासरी हिलरी क्लिंटन यांना तीन टक्क्यांच्या जरा वर आघाडी देत होती. प्रत्यक्षात देशभरात त्यांना ट्रम्प यांच्यापेक्षा २.१ टक्के, म्हणजे २८ लाखांहून जास्त मतं अधिक मिळाली. चूक एका टक्क्याच्या आसपास. याला तोंडावर आपटणं म्हणायचं असेल तर जगातल्या कुठल्याच पोलची धडगत नाही.

मग त्या हरल्या कशा? कारण तिथे राष्ट्राध्यक्ष देशभरच्या एकूण मतांवर ठरत नाही. राज्याराज्यांतून येणाऱ्या ५३८ इलेक्टोरल मतांवर ठरतो. मिशिगन, पेनसिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतलं ट्रम्प यांचं मताधिक्य एकत्र केलं तरी ७८ हजारांच्या आत भरतं. पोल खरे फसले ते इथे. विस्कॉन्सिनमध्ये सरासरी क्लिंटन यांना सहा टक्क्यांहून जास्त पुढे दाखवत होती आणि त्या राज्यात ट्रम्प एका टक्क्याहून कमी फरकाने जिंकले.

याची कारणं अमेरिकेतल्या जनमत संशोधकांच्या संघटनेच्या समितीने २०१७ मध्ये मांडली. शेवटच्या आठवड्यात मन ठरवणारे मतदार या राज्यांत मोठ्या संख्येने ट्रम्प यांच्याकडे वळले, हे एक. दुसरं कारण मला जास्त बोलकं वाटतं. पदवीधर लोक पोलवाल्यांशी बोलायला जास्त तयार असतात, त्यामुळे नमुन्यात त्यांची गर्दी होते. ती गर्दी हिशेबात कमी करून घ्यावी लागते, आणि राज्यपातळीवरच्या बऱ्याच संस्थांनी ते केलंच नव्हतं. आधीच्या निवडणुकांत न करून निभावून जायचं, कारण शिक्षणानुसार मतं एवढी फाटलेली नव्हती. २०१६ मध्ये ती फाटली आणि चूक उघडी पडली.

‘क्लिंटन ९९ टक्के जिंकणार’ हा आकडा मजकुरात हटकून असतो. तो कुठल्याच पोलचा नव्हता. पोलचे आकडे घेऊन त्यावर गणिती प्रतिमानं चालवणारे वेगळे लोक असतात, त्यांच्यापैकी एकाचा तो होता. त्याच धंद्यातल्या नेट सिल्व्हर यांनी तेच पोल वापरून ट्रम्प यांना सुमारे २९ टक्के संधी दिली होती. दहातून तीनदा घडणारी गोष्ट घडली तर कुणी फसलं असं म्हणता येत नाही.

‘एकट्या लॉस एंजेलिस टाइम्सचा पोल बरोबर ठरला’ हेही वाचायला मिळतं. तो पोल देशभरच्या मतांचा होता आणि त्यात ट्रम्प पुढे होते. देशभरच्या मतांत पुढे राहिल्या क्लिंटन. म्हणजे जे मोजायचं होतं त्यात हा पोल इतर बहुतेकांपेक्षा जास्त चुकला, आणि विजेत्याचं नाव जुळलं म्हणून हार त्याच्याच गळ्यात पडले! या एका गोष्टीत आपल्या वाचण्याची सगळी खोड दिसते. पोल सांगतो ‘किती’. आपण ऐकतो ‘कोण’.

आता २०२०. बायडन जिंकले म्हणून लोक विसरले, पण खरी नाचक्की या वर्षीची होती. सरासरी आठ टक्क्यांच्या आसपासची आघाडी दाखवत होती, निकाल साडेचार टक्क्यांचा आला. त्याच संघटनेच्या दुसऱ्या समितीने ही चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी चूक असल्याचं नोंदवलं. विस्कॉन्सिनमध्ये एका नामांकित पोलने बायडन यांना १७ टक्के पुढे दाखवलं होतं. ते तिथे एका टक्क्याच्याही आत जिंकले. आणि या वेळी बहुतेकांनी शिक्षणाची दुरुस्ती केलेली होती, तरी हे झालं. समितीला कारण खात्रीने सांगता आलं नाही. सर्वांत पटणारी शंका अशी, की माध्यमांवर आणि संस्थांवर विश्वास नसलेला मतदार पोलवाल्याचा फोनच घेत नाही, आणि असा मतदार ट्रम्प यांच्याकडे जास्त आहे. फोन घेणाऱ्या रिपब्लिकनावरून फोन न घेणाऱ्या रिपब्लिकनाचा अंदाज बांधायचा, तर तो चुकणारच. पोलवर टीका करायची तर इथे करावी. मजकूर नेमका इथून घाईघाईने पुढे जातो.

२०२४ मध्ये सरासरी कमला हॅरिस यांना जेमतेम एक टक्का पुढे दाखवत होती आणि ट्रम्प दीड टक्क्याने पुढे राहिले. अडीच टक्क्यांची चूक ही अमेरिकी इतिहासात नेहमीची म्हणावी अशीच. सातही अटीतटीच्या राज्यांत पोल ‘काहीही होऊ शकतं’ एवढंच सांगत होते. ती सातही ट्रम्प यांनी घेतली, कारण पोल चुकतात तेव्हा एकमेकांसारख्या राज्यांत एकाच बाजूला चुकतात. एका राज्यातली चूक दुसऱ्यात भरून निघत नाही. हे कळलं की ‘सात राज्यांत बरोबरी, म्हणजे चार इकडे, तीन तिकडे’ असा भाबडा हिशेब करायचं आपण थांबतो. सपशेल चुकलेला पोल २०२४ मध्येही होता. अॅन सेल्झर यांनी आयोवात हॅरिस यांना तीन टक्के पुढे दाखवलं आणि ट्रम्प तेरा टक्क्यांनी जिंकले. सेल्झर यांचं नाव अत्यंत आदराने घेतलं जायचं. नावाजलेला म्हणून एकच पोल उराशी धरू नये, ते यासाठी.

‘हजार लोकांवरून तेहतीस कोटी कसे कळणार?’ हा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो. आधी ते तेहतीस कोटी सोडा. त्यात शाळकरी पोरं आहेत आणि एच-वन-बी व्हिसावरचे आपले लोकही. मतदानाला पात्र नागरिक २४ कोटींच्या आसपास आहेत. ‘न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाला कधी कुणी विचारलं नाही’ या तक्रारीचं उत्तरही त्यातच आलं: हजारांच्या एका पोलमध्ये त्याचा नंबर लागण्याची शक्यता सुमारे अडीच लाखांत एक.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि पातेलं घरचं आहे की लग्नाचं याने शितांची संख्या बदलत नाही. भात नीट हलवलेला मात्र हवा. हजारांचा नमुना खरोखर चिठ्ठ्या टाकून निवडला, तर शंभरातल्या पंच्याण्णव वेळा उत्तर खऱ्या आकड्याच्या वरखाली तीन टक्क्यांत येतं, मग लोकसंख्या एक कोटी असो की चोवीस कोटी. हे तीन टक्के एकेका उमेदवाराच्या आकड्याचे. दोघांमधल्या आघाडीला ते जवळपास दुप्पट लागू होतात, हे वर्तमानपत्रं क्वचितच छापतात.

नमुना मोठा म्हणजे पोल चांगला, हा भ्रम अमेरिकेनेच १९३६ मध्ये भरपूर पैसे मोजून फेडून घेतला. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना टपालाने मतपत्रिका पाठवल्या आणि तेवीस लाखांच्या आसपास परत आल्या. त्यांचा कौल: रिपब्लिकन आल्फ लँडन ५७ टक्के मिळवून जिंकणार. निकालात फ्रँकलिन रूझवेल्ट यांना जवळजवळ ६१ टक्के मतं पडली. अठ्ठेचाळीसपैकी लँडन यांच्या वाट्याला आली मेन आणि व्हरमाँट ही दोन राज्यं. जॉर्ज गॅलप नावाच्या नवख्या माणसाने कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट जिंकणार हे सांगितलं होतं, आणि वर डायजेस्टचा आकडा काय येईल तेही आधीच सांगून मोकळा झाला होता. डायजेस्ट १९३८ मध्ये बंद पडलं.

पाठ्यपुस्तकांत याचं कारण असं दिलेलं असतं: पत्ते टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून घेतले, मंदीच्या काळात फोन आणि मोटार श्रीमंतांकडेच. ते खरं आहे, पण अर्धंच. गॅलपने १९३७ मध्ये घेतलेल्या एका चाचणीचा पुढे अभ्यास झाला. त्यातून दिसलं की मतपत्रिका मिळालेल्या सगळ्यांनी त्या परत पाठवल्या असत्या, तर रूझवेल्ट जिंकणार एवढं तरी डायजेस्टलाही कळलं असतं. पाठवल्या त्या मुख्यतः रूझवेल्टवर चिडलेल्यांनी. उत्तर देणारे वेगळे आणि गप्प बसणारे वेगळे! तेवीस लाखांनी ती दरी बुजली नाही.

तीच दरी आज जास्त रुंद झालीय. प्यू संशोधन केंद्राच्या फोनवरच्या सर्वेक्षणांना १९९७ मध्ये शंभरातले ३६ जण उत्तर देत. २०१८ मध्ये सहा. शितं पळीत यायला तयार नाहीत, येतात ती स्वतःहून उडी मारणारी. त्यातून मोबाइलवर यंत्राने परस्पर नंबर फिरवायला १९९१ च्या कायद्याने आडकाठी आली, म्हणजे माणसाने हाताने नंबर दाबायचे आणि खर्च वाढायचा. म्हणून बरेचजण आता टपालाच्या पत्त्यांवरून माणसं निवडून कायमचा गट बांधतात आणि ऑनलाइन विचारतात.

जे येत नाहीत त्यांची भरपाई हिशेबात केली जाते, आणि पोलवाल्याचा हात सर्वांत जास्त दिसतो तो इथे. वर आलेल्या लॉस एंजेलिस टाइम्सच्या पोलमध्ये २०१६ साली इलिनॉयचा १९ वर्षांचा एक कृष्णवर्णीय तरुण होता. त्याच्यासारखे कमी सापडले म्हणून त्याचं मत सरासरी माणसाच्या तीसपट धरलं गेलं. तो ट्रम्प यांच्या बाजूचा होता. त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने फ्लोरिडातली आपली कच्ची उत्तरं जशीच्या तशी चार वेगळ्या पोलवाल्यांना दिली. कुणाच्या हिशेबात क्लिंटन चार टक्के पुढे, कुणाच्या हिशेबात ट्रम्प एक टक्का. माणसं तीच, उत्तरं तीच. मजकूर लिहिणाऱ्याला पोलची खरी कमजोरी दाखवायची होती तर हा प्रयोग हाताशी होता.

‘पोलवाले डेमोक्रॅटिक पक्षाचे’ याबद्दल फार लिहायला नको. २०१२ मध्ये पोलनी ओबामांना कमी दाखवलं होतं. जॉर्ज गॅलप यांच्या नावाच्या संस्थेच्या शेवटच्या आकड्यात रिपब्लिकन मिट रॉम्नी एक टक्का पुढे होते, ओबामा जवळपास चार टक्क्यांनी जिंकले, आणि पुढच्या खेपेला गॅलपने कोण जिंकणार हे मोजणंच सोडून दिलं. २०२२ च्या संसदेच्या निवडणुकीत ‘लाल लाट’, म्हणजे रिपब्लिकनांची लाट, येणार म्हणून टीव्हीवर हाकाटी चालली होती. निष्पक्ष पोल तसं सांगत नव्हते, आणि लाट आली नाही. रिपब्लिकनांकडे झुकलेल्या फॉक्स न्यूज वाहिनीचा पोल एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन संस्था मिळून करतात. २०२० मध्ये त्यातही बायडन बरेच पुढे होते. पक्षांचे स्वतःचे खासगी पोल ही निराळी चीज, ते सोयीचे असतील तेव्हाच बाहेर येतात.

पोल कधीचा, हे तर कुणी बघतच नाही. बेळगावकडचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागत होते. स्वतःचे लाखो डॉलर ओतून टीव्हीवर जाहिराती सुरू केल्या, आणि वर्षाच्या सुरुवातीच्या काही पोलमध्ये ते थेट वरच्या जागी दिसू लागले. आपल्याकडेही कौतुक झालं. ऑगस्टमध्ये पक्षांतर्गत मतदान झालं तेव्हा ग्रेचन व्हिटमर यांना निम्म्याहून जास्त मतं होती आणि ठाणेदार अठरा टक्क्यांच्या आत, तिसरे. पोल खोटे नव्हते. एवढ्या आधी लोकांना विचारलं की ते ओळखीचं नाव सांगतात. (ठाणेदार पुढे २०२२ मध्ये डेट्रॉइटकडून प्रतिनिधिगृहात निवडून आले.)

दोन टक्क्यांच्या लढतीत पोलकडून विजेत्याचं नाव मागणं चूक आहे. फरक मोठा असेल तिथे तोच पोल कामाला येतो. ‘अमेरिकेतले सगळे भारतीय आता ट्रम्पकडे’ हा आणखी एक लाडका मजकूर. भारतीय वंशाच्या मतदारांच्या एका सर्वेक्षणमालिकेत २०२० मध्ये ७२ टक्के बायडन यांच्याकडे आणि २२ टक्के ट्रम्प यांच्याकडे होते. २०२४ मध्ये ६१ टक्के हॅरिस यांच्याकडे आणि बत्तीसच्या आसपास ट्रम्प यांच्याकडे. नमुना काहीशे लोकांचाच, तेव्हा चार-पाच टक्के इकडेतिकडे धरा. तरी कल सरकलाय हे दिसतं, आणि ‘सगळे’ नाहीत हेही दिसतं.

राहिला सट्टाबाजार. २०१६ मध्ये सट्टेवाल्यांनाही क्लिंटनच जिंकतील असं वाटत होतं. २०२२ मध्ये सिनेट रिपब्लिकनांकडे जाणार यावर पैसे लागले होते, ती डेमोक्रॅटांकडेच राहिली. २०२४ मध्ये बाजार बरोबर ठरला, आणि ट्रम्प यांच्यावर कोट्यवधी डॉलर लावून कमावणाऱ्या एका फ्रेंच माणसाची गोष्ट जगभर छापून आली. पोलपेक्षा सट्टा शहाणा म्हणून ग्रुपवर ज्याचा दाखला दिला जातो, तो हाच. त्याने पैसे लावले ते स्वतःच्या खर्चाने पोल करून घेऊन. फरक प्रश्नात होता. तुम्ही कुणाला मत देणार, याऐवजी तुमचे शेजारी कुणाला देतील असं त्याने विचारायला लावलं होतं.